मधला वेळ कोणाचा?

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, आठला दहा कमी असताना, युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी मला सांगितलं की मी आलेलोच नाही. मी त्यांच्यासमोर उभा होतो. हातात पासपोर्ट, शेजारी बॅग, घामानं भिजलेला शर्ट. पण त्यांच्या स्क्रीनवर माझ्या नावापुढे ‘नो-शो’ लिहिलेलं होतं आणि स्क्रीनवर जे असतं तेच खरं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी अशाच स्क्रीन बनवून पोट भरतो.

झालं होतं ते साधं होतं. मनमाडहून बाबांचा फोन आला होता की आजोबांना दवाखान्यात हलवलंय, जमलं तर निघ. मी नेदरलँड्समध्ये नोकरी करतो. घाईत सगळ्यात लवकर पोचवणारा प्रवास शोधला. आयंदोव्हनहून एका स्वस्त कंपनीचं विमान, मध्ये दोन तास दहा मिनिटं, मग दुसऱ्या कंपनीचं थेट मुंबईचं विमान. तिकिटं दोन, वेगवेगळी. पहिलं विमान दीड तास उशिरा उतरलं, बॅग यायला पंचवीस मिनिटं गेली. मुंबईच्या विमानाचं काउंटर एक तास आधीच बंद झालं होतं. काचेपलीकडे विमान उभं दिसत होतं. पहिल्या कंपनीच्या दृष्टीनं तिनं मला ठरलेल्या गावी पोचवलं होतं. दुसरीच्या दृष्टीनं मी आलोच नव्हतो. मधल्या दोन तास दहा मिनिटांचं मालक कोणीच नव्हतं.

पुढचं विमान दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला. रात्री तीनच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहाला, मी एका खांबाला टेकून बसलेला असताना बाबांचा फोन आला. आजोबा पहाटे गेले. बाबा म्हणाले, “तू दुपारी दोनपर्यंत आला असतास तर थांबलो असतो रे. आता उद्यापर्यंत नाही ठेवता येणार. ऊन फार आहे.” मी “हो” म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आजोबा रेल्वे टपाल सेवेत सॉर्टर होते. आरएमएस. धावत्या गाडीच्या टपालाच्या डब्यात उभ्याउभ्या पत्रं कप्प्यांत टाकायची, पिशव्या बांधायच्या, लाखेचं सील मारायचं आणि ठरलेल्या स्टेशनावर उतरवायच्या, असं त्यांचं आयुष्य गेलं. मनमाडला तेव्हा दोन रुळांची जात होती. मुंबईकडून येणारी मोठी लाइन, आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडे जाणारी मीटरगेज. मराठवाड्याचं टपाल मनमाडला एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढायचं. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, “आजोबा, पहिली गाडी लेट झाली तर?” ते म्हणाले, “पिशवी चुकली तर पिशवीचा दोष नसतो. ज्याच्या सहीनं ती आली, तो जबाबदार.” मग सांगायचे, पिशवी उतरवताना एक सही, चढवताना दुसरी. फलाटावर पडलेल्या पिशवीवरही कोणाची तरी सही असायचीच. बेवारस अशी पिशवी नसे.

त्या रात्री विमानतळावर मी बेवारस होतो. नंतरचे काही महिने मी हा मधला वेळ कधी, कसा आणि कोणाच्या हिशेबात जन्माला आला ते वाचत बसलो. दुःखाचं काय करायचं ते कळत नसलं की माणूस वाचतो. निदान मी तरी.

सुएझ ते अलेक्झांड्रिया

मुंबईहून युरोपला जाताना वाटेत वाहन बदलायची पद्धत विमानांच्या शंभर वर्षं आधीची आहे. २० मार्च १८३० रोजी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेची बोट सुएझकडे निघाली आणि २२ एप्रिलला पोचली. वाटेत बरेच दिवस कोळसा भरण्यात गेले. पण आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजाला जे महिने लागत, त्यापुढे हे काहीच नव्हतं. अडचण एवढीच होती की सुएझचा कालवा अजून नव्हता. तो १८६९ साली खुला झाला. तोपर्यंत तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र यांच्या मध्ये इजिप्तचं वाळवंट होतं, आणि ते ओलांडणं हाच प्रवासाचा सांधा होता.

तो सांधा बसवायला टॉमस वॅगहॉर्न हा इंग्रज नौदलातला माणूस हट्टानं पुढे आला. अलेक्झांड्रियाहून कालव्यानं नाईल, नाईलवरून कैरो, कैरोहून सुएझपर्यंत सुमारे १३० किलोमीटर वाळवंट. या वाळवंटात ठरावीक अंतरावर ठाणी उभी राहिली, तिथे घोडे बदलत. प्रवासी दोन चाकांच्या गाड्यांतून, सामान आणि टपाल उंटांवरून. सुएझला बोट दिसली की खुणेच्या मनोऱ्यांवरून कैरोपर्यंत निरोप जाई. आजच्या विमानतळावरच्या ‘अरायव्हल्स’च्या फलकाचा तो पणजोबा म्हणायला हरकत नाही.

मला यात महत्त्वाचं वाटलं ते हे: समुद्रावरची जहाजं दोन होती, पण मधलं वाळवंट कोणीतरी आपल्या अंगावर घेतलं होतं. पुढे हा धंदा वॅगहॉर्नच्या हातून मोठ्या संस्थांकडे गेला. टपाल आणखी लवकर पोचवून दाखवण्यासाठी त्यानं ट्रिएस्टमार्गे स्वतःच्या पैशानं प्रयोग केले आणि १८५० च्या जानेवारीत तो कर्जात मेला. दोन प्रवासांमधली फट बुजवायला पैसे लागतात, आणि ते कोणाच्या तरी खिशातून जातात. हा धडा तेव्हापासूनचा आहे.

कराचीला थांबलेलं टपाल

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजची लंडन ते कराची सेवा सुरू झाली. भाडं १३० पौंड, प्रवास सात दिवसांचा. ‘विमानसेवा’ म्हणायची, पण लंडनजवळच्या क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारं विमान, मग तिसरं विमान गाझा, बगदाद, बसरा करत कराचीला. तिकीट मात्र एक. बाझलला विमान उशिरा आलं म्हणून प्रवाशाला कोणी “तुम्ही आलाच नाहीत” म्हणत नसे. ती सगळी जोडाजोड कंपनीची होती.

इराणच्या किनाऱ्यावरून उडायची परवानगी पुढे उरली नाही, तेव्हा ऑक्टोबर १९३२ पासून हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूला सरकला. शारजाच्या शेखांशी करार झाला, वाळूत धावपट्टी आखली गेली आणि शेजारी किल्ल्यासारखी भिंतबंद धर्मशाळा बांधली गेली. विमान संध्याकाळी उतरे, प्रवासी तिथे जेवून झोपत, पहाटे पुढे निघत. त्या किनाऱ्यावर तेव्हा चलन आपला रुपया होता. आज कोकणातून, मराठवाड्यातून अमेरिकेला जाणारी अर्धी मंडळी ज्या आखातात विमान बदलतात, तिथला पहिला ‘लेओव्हर’ हा असा पहारेकऱ्यांच्या राखणीत झोपून काढलेला होता. ती इमारत आता संग्रहालय आहे, आणि जुनी धावपट्टी शहरातला रस्ता झाली आहे.

त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एक छोटं पस मॉथ विमान घेऊन उडाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले. शाळेत आपण हे ‘भारतीय हवाई वाहतुकीची सुरुवात’ म्हणून शिकतो. पण विमानात काय होतं? लंडनहून कराचीला आलेल्या टपालातला मुंबई-मद्रासकडचा वाटा, सुमारे ५५ पौंड. जुहूहून नेव्हिल विन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. म्हणजे आपली पहिली नियमित विमानसेवाच मुळात एक कनेक्टिंग फ्लाइट होती. मोठं विमान येणार, छोट्या विमानानं त्याची वाट पाहायची, पिशव्या उतरवून घ्यायच्या आणि निघायचं. मनमाडच्या फलाटावर आजोबा जे करत तेच, फक्त हवेतून.

अहमदाबादला इंधन बैलगाडीतून डब्यांमध्ये आलं होतं. पावसाळ्यात जुहूची जमीन चिखल होई म्हणून टपालविमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. रात्री दिशा दाखवायला काही नव्हतं, हवामानाचा अंदाज नव्हता, रेडिओ नव्हता. आणि तरीही पहिल्या वर्षभर या सेवेनं शंभर टक्के वेळ पाळली. कशी? वैमानिक शूर होते हे खरंच. पण मला वाटतं, एक साधं कारण आणखी होतं: वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘बफर’ म्हणतो, आणि खर्च कमी करायचा झाला की सगळ्यात आधी तोच कापतो.

एक प्रवास, अनेक वाहक

कराचीची सेवा सुरू झाली त्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १९२९ रोजी, वॉर्सा इथे एका आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. विमानप्रवासात माणूस जखमी झाला, सामान हरवलं, उशीर झाला तर जबाबदारी कोणाची, हे त्यात ठरलं. भारतात त्याचा कायदा १९३४ साली झाला. या करारातलं एक कलम मी दोनदा वाचलं. एकामागून एक अनेक कंपन्यांनी मिळून नेलेला प्रवास, जर दोन्ही बाजूंनी तो एकच व्यवहार म्हणून मानला असेल, तर तो अखंड असा एकच प्रवास समजावा, अशा अर्थाचं ते कलम आहे.

इथे आजोबांची सही भेटली. एकच व्यवहार असेल तर मधला वेळ प्रवासाच्या आत आहे. दोन व्यवहार असतील तर तो बाहेर आहे. माझ्या दोन तास दहा मिनिटांचा निकाल माझ्या जन्माच्या कितीतरी आधी लागून गेला होता. मी फक्त ‘पैसे भरा’चं बटण दोनदा दाबून त्यावर शिक्का मारला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कल्पनेवर मोठी यंत्रणा उभी राहिली. १९४५ साली हवानामध्ये विमान कंपन्यांची ‘आयाटा’ ही संघटना झाली. १९४७ पासून तिच्यामार्फत कंपन्या एकमेकींचे हिशेब मिटवू लागल्या. मुंबईत काढलेल्या एका तिकिटावर तीन देशांच्या तीन कंपन्यांची विमानं बदलायची आणि पैसे मागाहून त्यांनी आपसात वाटून घ्यायचे. प्रवाशाला त्याचं सोयरसुतक नाही.

कुठेच नसलेली जागा

मधला वेळ सांभाळायला मधली जागाही लागते. आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळाची गोष्ट त्यासाठी सांगितली पाहिजे. तेव्हाची विमानं अटलांटिक ओलांडताना इंधनासाठी तिथे थांबत. विमान भरेपर्यंत प्रवासी खाली उतरत, पण त्यांना आयर्लंडमध्ये यायचंच नव्हतं. मग ते आहेत कुठे? ब्रेंडन ओरेगन या माणसानं यातून वाट काढली: ते आयर्लंडच्या जमिनीवर आहेत पण जकातीच्या हिशेबात नाहीत, म्हणून त्यांना विनाजकात माल विकता येईल. १९४७ मध्ये तसा कायदा झाला आणि जगातलं पहिलं ‘ड्यूटी फ्री’ विमानतळावर उघडलं. आपण मावशी-काकांसाठी चॉकलेटं घेतो ती या युक्तीची नातवंडं.

पण कुठेच नसलेल्या जागेला दुसरी बाजूही आहे. मार्च १९९२ मध्ये सोमालियातली चार भावंडं पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर उतरली. त्यांना फ्रान्समध्ये घेतलं नाही. वीस दिवस विमानतळाच्या ‘आंतरराष्ट्रीय विभागात’ अडकवून सीरियाला परत पाठवलं. सरकारचं म्हणणं, ती फ्रान्समध्ये आलीच नव्हती आणि हवं तेव्हा दुसरीकडे जायला मोकळी होती. १९९६ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ठरवलं की नाव काहीही असलं तरी ती जागा फ्रान्सच्या कायद्याबाहेर नाही, आणि अशी अडकवणूक म्हणजे स्वातंत्र्य हिरावून घेणंच आहे.

‘आलीच नव्हती’ हे शब्द वाचून मला माझी स्क्रीन आठवली. तुलना तोकडी आहे हे कळतं. माझ्या खिशात पासपोर्ट, परवाना आणि क्रेडिट कार्ड होतं. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला तो नाहीच असं कागदोपत्री म्हणता येतं, ही सोय दोन्हीकडे तीच.

नुसतं विमान बदलायलाही काही पासपोर्टांना व्हिसा लागतो, हे आपल्याकडच्या अनेकांना ऐनवेळी कळतं. जर्मनीनं वर्षानुवर्षं भारतीयांकडून असा व्हिसा मागितला आहे. अमेरिकेत विनाव्हिसा पारगमनाची सोय होती, ती ऑगस्ट २००३ मध्ये थांबवली. तिथे तर पुढे मेक्सिकोला जायचं असलं तरी आधी इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून देशात यावं लागतं. म्हणजे लेओव्हर किती मिनिटांचा हे घड्याळावर जेवढं अवलंबून, तेवढंच पासपोर्टच्या रंगावर.

स्क्रीन आली

आता माझ्या धंद्याकडे. एकेकाळी अमेरिकन एअरलाइन्समध्ये आरक्षणाची कार्डं एका फिरत्या चौकटीत असत आणि एका आरक्षणाला सरासरी दीड तास लागे. १९५३ साली त्या कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचा ब्लेअर स्मिथ नावाचा विक्रेता एका विमानात योगायोगानं शेजारी बसले. त्या गप्पांतून ‘सेबर’ ही संगणकप्रणाली झाली. १९६४ पर्यंत ती पूर्ण चालू होती. १९७८ मध्ये अमेरिकेनं विमान कंपन्यांवरची भाड्याची आणि मार्गांची बंधनं उठवली. मग कंपन्यांनी एकेक मोठं विमानतळ धरून चक्राच्या आऱ्यांसारखी विमानं आखली: तासाभरात चाळीस विमानं उतरवायची, माणसांची अदलाबदल करायची, पुढच्या तासात चाळीस उडवायची. दुबईहून एमिरेट्सचं पहिलं विमान २५ ऑक्टोबर १९८५ ला उडालं, तेही कराचीलाच. पुढे दुबईनं हेच चक्र सबंध पृथ्वीच्या मापानं फिरवलं.

या चक्रात कोणता लेओव्हर विकायचा हे ठरवायला एक आकडा लागतो: किमान जोडवेळ. प्रत्येक विमानतळासाठी चार मूळ आकडे असतात. देशांतर्गत ते देशांतर्गत, देशांतर्गत ते आंतरराष्ट्रीय, त्याच्या उलट, आणि आंतरराष्ट्रीय ते आंतरराष्ट्रीय. वर अपवादांच्या लांबच लांब याद्या: अमुक कंपनी, तमुक टर्मिनल, अमुक विमान. फ्रँकफर्टनं वर्षानुवर्षं ४५ मिनिटं मिरवली, व्हिएन्नानं २५. प्रोग्राम ती यादी बघतो आणि आकड्यापेक्षा कमी वेळाची जोडी तुम्हाला दाखवतच नाही. तेवढा किंवा जास्त वेळ असेल तर दाखवतो. किमान म्हणजे ‘एवढ्यात शक्य आहे’. ‘एवढ्यात नक्की जमेल’ असा त्याचा अर्थ नाही. हा फरक स्क्रीनवर दिसत नाही. एकूण प्रवासकाळ जेवढा कमी तेवढी जोडी यादीत वर जाते, आणि आपण घाईत सगळ्यात वरचीच निवडतो. त्या दिवशी मीही निवडली.

गंमत अशी की एकाच तिकिटावर ही जोडी चुकली असती, तर पुढच्या विमानात बसवून देणं त्यांचं काम होतं. युरोपच्या न्यायालयानं २०१३ मध्ये एका प्रवासिनीच्या खटल्यात तर आणखी पुढे जाऊन सांगितलं. ब्रेमेनहून ती अडीच तास उशिरा निघाली, पॅरिस आणि साओ पावलो इथल्या जोड्या चुकत पॅराग्वेला अकरा तास उशिरा पोचली. उशीर मोजायचा तो शेवटच्या मुक्कामी, असं म्हणून कोर्टानं तिला भरपाई मिळवून दिली. वॉर्साच्या ‘अखंड प्रवासा’चाच हा नवा अवतार. पण दोन तिकिटांच्या प्रवाशाला यातलं काही नाही. स्वस्त कंपन्या आणि तिकीट शोधणारी संकेतस्थळं याला आता ‘सेल्फ ट्रान्सफर’ म्हणतात. शब्द स्वावलंबनाचा आहे, पण अर्थ एवढाच की वॅगहॉर्नचं वाळवंट पुन्हा प्रवाशाच्या अंगावर आलं आहे, आणि त्याबद्दल त्याला काही युरो सूट मिळते. मला ९५ युरो मिळाली होती.

सही

मी पोचलो तेव्हा घरात दिवा लावलेला होता. तिसऱ्या दिवशी बाबा आणि मी अस्थी घ्यायला गेलो. येताना बाबांनी गाडी मुद्दाम स्टेशनावरून घेतली. मीटरगेज जाऊन तीस वर्षं झाली. आजोबा जिथे उभे राहत तो फलाट आता ओळखू येत नाही. बाबा म्हणाले, “शेवटच्या दिवशी विचारत होते, कुठपर्यंत आलाय म्हणून. मी सांगितलं, मध्ये विमान बदलायचंय. तर म्हणाले, मग लागेल वेळ. काळजी करू नका.”

ओळखीचे लोक आता मला कमी वेळाच्या लेओव्हरबद्दल विचारतात, कारण मी याच्यावर फार बोलतो. मी सांगतो: तिकीट एकच घ्या, ते महाग पडलं तरी. बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या गावाचं चिन्ह आहे का ते काउंटरवरच बघा. टर्मिनल बदलतं का आणि मध्ये पुन्हा तपासणी आहे का ते आधी शोधा. व्हिसा लागतो का ते स्वतः वाचा. दिवसातलं शेवटचं विमान ही तुमची दुसरी जोडी असेल, तर मधला वेळ दुप्पट ठेवा. आणि घरी कोणी वाट बघत असेल, तर यादीतली सगळ्यात वरची जोडी निवडू नका.

एवढं सांगून झालं की मनात एक वाक्य उरतं, ते मी सहसा बोलत नाही. पिशवी चुकली तर पिशवीचा दोष नसतो. आजोबांनी ते मला तिसरी-चौथीत असताना सांगितलं होतं. त्यांनी ते त्या रात्री पुन्हा सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. मग आठवतं, की पिशवी आपलं तिकीट स्वतः काढत नाही.